बांधापासून आठ पावलं

"कुठं थांबली ती?"

पाळकबाबांनी दुसऱ्यांदा विचारलं.

"थांबली म्हणजे?" सिलास म्हणाला.

"कणसं खुडता खुडता. कुठंतरी थांबलीच असंल ना."

सिलासला हा प्रश्न मुळीच आवडला नाही. चोरी झाली, चोर सापडला, बघणारा गडी साक्षीला तयार आहे. आता चोर कुठं थांबला हे विचारून काय साधायचं?

सिलास भांबळ पुण्याला तीन वर्षं धर्मशास्त्र शिकून नुकताच गावी परतला होता. इतकं शास्त्र शिकलं की ते माणसाच्या चालीतही उतरतं. त्याच्या चालीत ते जरा जास्तच उतरलं होतं. येत्या रविवारी गावच्या ख्रिस्ती देवळात तो पहिला उपदेश करणार होता, आणि विषय त्यानं स्वतः निवडला होता: चोरी करू नको.

विषय ठरून चार दिवस होतात न होतात तोच त्याच्याच शेतातली ज्वारी चोरीला गेली. देवानं उदाहरण घरपोच पाठवलं, असं तो दोघाचौघांत म्हणालाही होता.

चोर म्हणजे शेजारच्या शेताची राहेलबाई खरात. विधवा, साठीच्या पुढची. गेल्या रविवारी सारी मंडळी उपासनेला बसलेली असताना तिनं सिलासच्या उभ्या पिकातली कणसं खुडून नेली. सिलासनं तिच्याविरुद्ध अर्ज लिहिला: या बाईला प्रभुभोजनापासून दूर ठेवावं. देवळात भाकर आणि द्राक्षरस वाटतात तो हा विधी; लग्न होऊन गावात आल्यापासून राहेलबाईचं एकही प्रभुभोजन चुकलं नव्हतं.

अर्ज पाळकबाबांकडे दिला होता. दाविदराव आढाव, ऐंशीच्या घरातले. पाळकपदावरून उतरून त्यांना पंधरा वर्षं झाली होती, पण नवे पाळक तालुक्याच्या गावी राहत आणि महिन्यातून एकदा येत. मधल्या दिवसांत गावाचं लग्न, मरण आणि भांडण याच म्हाताऱ्याकडे. अशा अर्जावर त्यांची सही लागे. साऱ्या आयुष्यात त्यांनी ती दोनदाच केली होती, आणि दोन्ही वेळा पुढं आठवडाभर अंथरूण धरलं होतं.

आज सिलास ती सही न्यायला त्यांच्या ओसरीवर आला होता.

"बांधापासून आत आठ पावलं," तो अखेर म्हणाला. "मी स्वतः मोजली. बांधाला लागून आठ पावलांचा पट्टा, दोरी धरल्यासारखा सरळ. त्याच्या पलीकडं एका कणसाला हात नाही. घाबरली असती तर हाताला लागेल ते ओरबाडून पळाली असती. ही ओळ धरून, निवांत खुडत होती. निर्ढावलेपण म्हणतात ते हेच, पाळकबाबा."

"आठ?"

"आठ."

"मोजण्यात चूक नाही ना?"

"नाही."

पाळकबाबांनी डोळे मिटले. म्हातारा बसल्या बसल्या झोपला की काय, असं सिलासला वाटलं.

"आठच..." पाळकबाबा पुटपुटले. "देवा, आठच."

...

"सहीचं काय?" सिलासनं विचारलं.

"झालीय."

पाळकबाबांनी उशाखालून कागद काढून त्याच्या हातात दिला. सिलासनं उलगडला. खाली सही होती. अक्षरं मोठी, थरथरती, एकमेकांपासून फटकून बसलेली.

राहेल इस्राएल खरात.

"ही तर तिची सही आहे!"

"तिचीच."

"पण हा अर्ज तिच्याविरुद्ध आहे."

"म्हणून तर तिला वाचायला दिला. दोनदा वाचला. म्हणाली, समदं खरं लिवलंय, बाबा. एकच चुकलंय."

सिलास सावरून बसला. चोर काहीतरी सारवासारव करणार हे त्याला ठाऊकच होतं.

"काय चुकलं म्हणे?"

"तू एक पोतं लिहिलंस. ती म्हणाली, पोतं आन् वर ओटीभर. बघ, तिनं लिहिलंय तसं."

समासात लिहिलं होतं. आनी ओटीभर.

सिलासनं ते दोन शब्द वाचले आणि कागदाची घडी घातली. पुण्यात त्यानं पापकबुलीवर वीस पानांचा निबंध लिहिला होता. त्यात हे कुठं बसतं ते त्याला आठवेना.

"ती कबूल करते," तो म्हणाला, पण आवाज आता थोडा खाली आला होता. "मग तुमची सही का अडली?"

"मी तिला म्हणालो, राहेल, तू चोर नाहीस. तर माझ्यावरच चिडली. म्हणाली, मला फसवू नका. हक्काचं म्हणून घेतलं आसतं तर समद्यांम्होरं घेतलं आसतं. मी गाव देवळात बसल्यालं बघून घेतलं. लपून घेतलं ती चोरीच."

"बरोबर बोलली. पण हक्काचं कसलं त्यात?"

पाळकबाबा शेजारची काठी चाचपू लागले.

"आणि माल?" सिलासनं विचारलं. "माल कुठं आहे?"

"तू टेकून बसलायस."

सिलास चटका बसल्यासारखा उठला. मागं भिंतीला लावून एक पोतं उभं होतं, तोंड सुतळीनं बांधलेलं, वर फडक्यात ओटीभर कणसं. अर्धा तास तो त्यालाच पाठ लावून चोरीबद्दल बोलत होता.

"त्याच दिवशी सांजच्याला आणून ठेवलं," पाळकबाबा म्हणाले. "एक कणीस भाजून खाल्लं नाही."

"मग माझ्या घरी का आणलं नाही?"

"तेच मी विचारलं. म्हणाली, हे कुणाचं हाय, तेच मला उमजंना. तुम्ही ठरवा. पण मलाही अजून ठरवता आलं नाही..."

"कुणाचं म्हणजे?" सिलासचा आवाज चढला. "माझ्या शेतातली ज्वारी माझीच! आमच्या घराण्यानं कधी कुणाच्या काडीला हात लावला नाही, पाळकबाबा. माझ्या वडिलांना तुम्ही ओळखत होतात. शांतवन भांबळांचं नाव घेतलं की आजही लोक आदरानं मान खाली घालतात."

पाळकबाबांनीही मान खाली घातली. पण ती आदरानं घातली होती असं म्हणता येणार नाही.

"चल," ते म्हणाले.

"कुठं?"

"तुझ्या शेतात. कुदळ घे कोपऱ्यातली."

...

ऊन कलायला लागलं होतं. ज्वारी काढणीला आली होती, माणसापेक्षा हातभर उंच. दोन शेतांच्या मधून बांध गेला होता, इतका बारीक की त्यावर पाऊल नीट मावत नव्हतं.

पाळकबाबा काठी टेकत पुढं चालले होते. मधेच थांबले.

"मागं कशाला राहतोस? ये, माझ्या बरोबरीनं चाल."

सिलासनं प्रयत्न केला. एक पाय बांधावर, दुसरा हवेत. तिसऱ्या पावलाला तो कुदळीसकट ज्वारीत कोसळला. उठला, कपडे झटकले, आणि शास्त्र शिकलेल्या माणसाला शोभेल इतपत हसला.

"दोघं कसे चालणार यावरून?"

"मी नवा नवा पाळक होतो तेव्हा यावरून तिघं चालायचो. एका बाजूला तुझा आजा लहानू. दुसऱ्या बाजूला राघू खरात, राहेलचा सासरा. मधे मी. गप्पा मारत..."

सिलासनं खाली पाहिलं. बांध जेमतेम वीतभर होता.

"उन्हाळ्यात नांगरट कुणी केली?" पाळकबाबांनी विचारलं.

"मीच. सुट्टीत आलो होतो. वडिलांची आठवण म्हणून बैलांनी केली, स्वतः नांगर धरला." हे सांगताना त्याची मान थोडी ताठ झाली.

"आणि बांधाच्या कडेनं?"

"कडेला हराळी माजली होती. बांधाला खेटून नांगर मारला. एकदम स्वच्छ झाला बांध."

"बांध किती गेला?"

"गेला म्हणजे... नांगराचं एक तास, म्हणजे एक चर, गेलं असेल. वीतभर. सगळेच घेतात."

सगळेच घेतात, हे त्यानं इतकं सहज म्हटलं की म्हणून झाल्यावर त्यालाच ते ऐकू आलं. तो थांबला.

पाळकबाबांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. ते पलीकडच्या शेताकडं पाहत होते.

"शांतवनही एकच तास घ्यायचा," ते म्हणाले. "वर्षाला एक. जास्त नाही. बांध बारीक झाला की पावसात फुटायचा. मग राघूच्या घरचे आपल्या बाजूनं माती टाकून तो जाड करायचे. दुसऱ्या वर्षी शांतवन परत इकडून एक तास घ्यायचा. ते परत तिकडून माती टाकायचे... बांध असा चालत गेला, सिलास. पायांनी चालल्यासारखा."

"किती वर्षं?"

"तुझा बाप नांगर धरायला लागला तेव्हापासून. या उन्हाळ्यात तू धरलास."

आमच्याकडं बांध कोरण्याला कुणी चोरी म्हणत नाही, आणि कोर्टातही तो बांधाचा वाद असतो. आज्ञा पाठ म्हणणारा माणूसही नांगर धरला की बांधाला खेटूनच धरतो, आणि रात्री शांत झोपतो. सिलासही झोपला होता.

"मोज," पाळकबाबा म्हणाले. "आत. आठ पावलं."

...

सिलास मोजत आत गेला. खुडलेल्या पट्ट्यात नुसती धाटं उरली होती, कमरेत वाकून मोडलेली, डोकं नसलेली. आठव्या पावलाला कणसं सुरू झाली. तो रेषेवर थांबला.

"डावीकडं सरक. अजून थोडा. शेताच्या टोकाच्या निंबाचा शेंडा पाठीमागं घे आणि समोर देवळाची घंटा बघ. निंब, तू, घंटा, एका रेघेत ये."

सिलास सरकला. तिन्ही एका रेघेत आली.

"खण तिथं."

पहिले घाव कोरडे पडले. माती काळी, टणक. हातभर खोल गेल्यावर कुदळ खणकन वाजली आणि सिलासच्या मनगटापर्यंत झिणझिण्या गेल्या.

तो गुडघ्यांवर बसला आणि हातांनी माती काढू लागला.

दगड होता. उभा रोवलेला. ज्वारीची मुळं त्याच्या अंगावरून खाली उतरली होती आणि त्याला सगळीकडून धरून होती. सिलासनं ती एक एक सोडवली. पाळकबाबा काठी टाकून त्याच्याजवळ बसले, धोतराच्या सोग्यानं दगडाचं तोंड पुसलं, मग नखानं खाचेतली माती उकरली.

आडवी रेघ निघाली. मग उभी.

क्रूस होता.

पिकात वारा नव्हता. लांबून कुणाच्या तरी मळ्यातल्या गोफणीचा आवाज आला आणि थांबला.

"लहानू आणि राघू एकाच दिवशी नदीत बाप्तिस्मा घेऊन आले," पाळकबाबा हलक्या आवाजात म्हणाले. "भावकीनं दोघांना वाळीत टाकलं होतं. दोघांनी मिळून हे रान केलं, दगड वेचून, आणि मग निम्मं निम्मं वाटलं. राघूला छिन्नी चालवता यायची. त्यानं क्रूस कोरला. मग दोघांनी यावर हात ठेवला... काय बोलले ते मला लहानूनंच सांगितलं. म्हणाला, आम्ही फार काही बोललो नाही. एवढंच बोललो, हे त्याचं आणि हे माझं, आणि दोन्ही देवाचं."

सिलासनं दगडावर हात ठेवला. थंड होता. बांध हलला होता, हात ठेवणारे दोघं कधीचे मातीत गेले होते, एकाचा नातू पुण्याला शिकून आला होता. दगड बोटभरही हलला नव्हता. एवढी वर्षं तो भांबळांच्या पिकाखाली होता तिथंच उभा होता, आणि वर दरसाल सुगी होत होती.

"हा गाडला कुणी?" सिलासनं विचारलं. उत्तर त्याला कळलं होतं. तरी विचारलं.

"शांतवननं. पहार घेऊन आला होता उपटायला. पहार खाली घातली, क्रूस बघितला, आणि पहार काढून घेतली. हात धजला नाही त्याचा. मग त्यानं नुसती माती ओढली वर."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मी होतो ना. त्या निंबाखाली."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं."

"आणि बोलला नाहीत?"

पाळकबाबांनी आपले हात समोर धरले. म्हाताऱ्याचे हात, शिरा वर आलेल्या, नखांत काळी माती.

"सुगीच्या सणाला देवळात पहिलं पोतं तुझ्या बापाचं असायचं," ते म्हणाले. "सगळ्यांत मोठं. मी ते या हातांनी उचलून देवापुढं ठेवायचो. आणि त्यावर उपकारस्तुती करायचो... राघू समोर बसलेला असायचा. आमेन म्हणायचा."

त्यांचा आवाज फुटला. ते रडत होते आणि लपवत नव्हते. सिलासनं त्यांना पाळक म्हणून, पंच म्हणून, आजोबांचा मित्र म्हणून पाहिलं होतं. असं कधी पाहिलं नव्हतं. तीन वर्षांत शिकलेला एकही शब्द त्याला त्या घटकेला पुढं करावासा वाटेना.

...

"बाबा, पाणी आणलंया."

राहेलबाई बांधावर उभी होती. हातात तांब्या. कुदळीचा आवाज ऐकून आली असावी. तिनं खड्डा पाहिला, दगड पाहिला, आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"ये, राहेल," पाळकबाबा म्हणाले.

"नगं. हितंच बरी हाय."

"अगं, ये की."

"बांध वलांडला की पुन्यांदा चोरी," ती म्हणाली. "एकदा केली ती लई झाली. पंधरा दिस त्या कणसांकडं बघून सासरा आठवायचा. रेघ त्यांनीच दावली व्हती मला, ह्या निंबाखाली उभं करून. म्हनलं, बघावं तरी कसं वाटतंय आपल्या रानातलं कणीस हातात घिऊन... पर ग्वाड न्हाई वाटलं, बाबा. हात नुस्तं कापत व्हतं. आपलं आसून चोराचे हात झालं माझे."

तिनं तांब्या बांधावर ठेवला, आणि हात मागं घेतला.

"सिलास बाळा, रविवारी तू म्हनशील तशी मी मागं बसंन. भोजनाला हात पुढं करनार न्हाई. चुकलंच माझं."

सिलास खड्ड्याजवळून उठला. तिच्याकडं पाहणं त्याला जमेना. खिशातून त्यानं अर्ज काढला, तिच्या सहीवर एकदा बोट फिरवलं, आणि कागदाचे चार तुकडे करून मुठीत धरले. त्याचे डोळे भरून आले होते. त्यात शरम होती आणि दुसरंही काही होतं. मन मोठं झाल्यावर माणसाला स्वतःबद्दल जे बरं वाटतं, ते त्याला वाटू लागलं होतं. आपण आता काहीतरी थोर करणार आहोत हे त्याला कळत होतं.

त्यानं छाती भरून श्वास घेतला.

"मावशी," तो म्हणाला, "रविवारी तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. मी उपदेशाला उभा राहीन तेव्हा साऱ्या मंडळीसमोर जाहीर करणार आहे. ही आठ पावलं जमीन, उभ्या पिकासकट, मी तुम्हाला देऊन टाकतो. माझ्या राजीखुशीनं देतो."

राहेलबाई गोंधळून पाळकबाबांकडं पाहू लागली.

पाळकबाबा अजून जमिनीवरच बसले होते. एक हात दगडावर होता. त्यांनी मान वर केली नाही. समोर, दगडाच्या खरातांकडच्या बाजूला, मऊ उकरलेल्या मातीत, सिलासचे पुण्याचे काळे बूट घोट्यापर्यंत रुतले होते. त्या बुटांकडं ते बराच वेळ पाहत राहिले.

"पाळकबाबा," सिलास म्हणाला, "बरोबर बोललो ना मी?"

...

"सिलास," पाळकबाबा म्हणाले, "आधी पायातले जोडे काढ."